शेवटचं प्रकरण कशापायी कापलं

कादंबरीतला खुनी कोण, याच्याशी तोरगुनला फारसं देणंघेणं नसे. ते पोलीस बघतील, असं ती म्हणायची. खून कशापायी झाला, ते तिला हवं असे. उभं आयुष्य तिने खालच्या गावात लोकांचे केस कापण्यात घालवलं होतं, आणि केस ओले करून खुर्चीत बसवलेला माणूस कसा बोलत सुटतो ते तिला पुरतं ठाऊक होतं. बहिणीशी अबोला धरलेली बाई आधी जमिनीच्या वाटणीचं सांगे. कात्री जरा फिरली की कळे, बहिणीच्या लग्नात हिला मागच्या रांगेत बसवलं होतं.

"सांगायचं कारण एक आणि खरं कारण दुसरं," तोरगुन म्हणे. "खऱ्याची लाज वाटते ना माणसाला!"

ईस्टरच्या सुट्टीत डोंगरावरच्या लाकडी घरात जायचं, बर्फात स्की करायची, संत्री खायची आणि खुनाची कादंबरी वाचायची. नॉर्वेत राहून ज्याला हे पटत नाही त्याने खुशाल खाली शहरात माश्या मारत बसावं. तोरगुनकडे ही कादंबरी मोठ्याने वाचली जाई. दुपारी घराच्या उन्हाकडच्या भिंतीला पाठ टेकून सगळे बर्फावर अंथरलेल्या रेनडिअरच्या कातड्यांवर बसत. तोरगुन वाची. तिचा दीर सिगुर्द, निवृत्त शाळामास्तर, रोज नवा खुनी पकडी आणि दरवर्षी तोंडघशी पडे. लेक सुनिवा ऐकता ऐकता पेंगे. नवरा इंगवाल्ड तोंडात मूग धरून सगळ्यांना संत्री सोलून देई. शेवटचं प्रकरण ईस्टरच्या शनिवारी, त्याआधी नाही.

यंदाचा ईस्टर मात्र या घरातला शेवटचा होता. ओढ्यावरून पाणी आणायचं, लाकडं फोडायची, छपरावरचं बर्फ ओढायचं, आणि तोरगुनच्या गुडघ्याने तर संपच पुकारलेला. घर विकायचं तिनेच ठरवलं. इंगवाल्डला विचारलं तेव्हा तो "बरं" म्हणाला. लग्नाचं विचारलं तेव्हाही तो एवढंच बोलला होता. घर त्याने आपल्या बापाबरोबर एकेक ओंडका रचून उभं केलेलं. सोमवारी गिऱ्हाईक सही करायला येणार होतं. रोज सकाळी खिडकीतून समोरचं शिखर दिसलं की तोरगुन पडदा ओढून घेई. पण बोलून दाखवेल तर ती तोरगुन कसली.

शनिवारी दुपारी तिने चष्मा लावून पुस्तक उघडलं आणि किंचाळली. शेवटचं प्रकरण गायब. कोणीतरी पानं मुळापासून सुबक कापून नेली होती.

"पोलिसांना फोन लावा!" सिगुर्द ओरडला.

"चोराच्या उलट्या बोंबा," तोरगुन म्हणाली. "दरवर्षी हरतोस. मत्सर, दुसरं काय!"

"अगं, यंदा माझा डॉक्टरच खुनी निघणार होता! शपथ घेतो! माझ्याच पायावर मी धोंडा कशाला मारून घेऊ?"

तेही खरंच होतं. तोरगुनने मोर्चा लेकीकडे वळवला. "तू बदला घेतलास. लहानपणी एकदा रागाच्या भरात मी तुला आधीच खुनी सांगून टाकला होता."

"आई, मला बदलाच घ्यायचा असता ना, तर तू कापलेल्या माझ्या झुलपांचा घेतला असता. शाळेतले फोटो बघ जरा!"

मत्सर गेला, सूड गेला. लोभ म्हणावा तर जुन्या पुस्तकाच्या पानांचा लोभ कोणाला? तोरगुनने उशा झटकल्या, स्कीच्या पिशव्या उलट्या केल्या. एकही कारण टिकेना. शेवटी वैतागून तिने पुस्तक नाकाशी धरलं, आणि कापलेल्या कडेला संत्र्याचा वास आला. कड चिकटही होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

इंगवाल्ड घरामागे लाकडं फोडत होता. तोरगुन लंगडत तिथे पोचली आणि काही बोलायच्या आतच थबकली. तो बर्चची ओली लाकडं फोडून भिंतीशी रचत होता. ओलं लाकूड उन्हाळाभर वाळतं आणि पुढच्या ईस्टरला जळतं.

"सोमवारी घर परक्याचं," ती म्हणाली. "ही कोणासाठी?"

इंगवाल्डने कुऱ्हाड ठेवली. स्वेटरखालून घडी केलेली पानं काढून तिच्या हातात दिली.

"तू पुस्तक कधी अर्धवट टाकत नाहीस," तो म्हणाला. "वाटलं, शेवट इथेच राहिला तर यावं लागेल."

"तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुझा गुडघा."

"खड्ड्यात गेला गुडघा!" तोरगुनला रडूच फुटलं. "मागच्या हिवाळ्यात तू ओढ्याजवळ घसरून पडलास. मी खिडकीतून बघत होते. तू उठेचना रे. एकटी कशी उतरू हा डोंगर मी? म्हणून विकायला काढलं. गुडघ्याचं काय, तो खालीही दुखतोच."

इंगवाल्डने स्वेटरच्या बाहीने तिचे डोळे पुसले. मग हसला. "मी तेव्हा वर बघत पडलो होतो. आभाळ छान होतं."

"आभाळ छान होतं म्हणे! मेल्या!" तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथेच त्याच्या छातीवर डोकं टेकून पोटभर रडली, पोटभर हसलीही. पानं तिच्या मुठीत होती. खुनी चिमटीत होता. तिने न उलगडता ती त्याच्या स्वेटरखाली परत कोंबली.

"चोर सापडला?" दोघं आत येताच सिगुर्दने विचारलं.

"सापडला. नाव पुढच्या ईस्टरला सांगेन."

"आणि माझा डॉक्टर?"

"तोही पुढच्या ईस्टरला. आणि आजपासून ओढ्यावरचं पाणी तू आणायचंस. इतकी वर्षं निरपराध माणसं पकडलीस त्याची शिक्षा."

सुनिवा काय ते समजली आणि गुपचूप आईला बिलगली.

तोरगुनने गिऱ्हाइकाला फोन लावला. घर विकायचं नाही म्हणाली. पलीकडचा माणूस भडकला. एवढं सगळं ठरलेलं असताना आता कारण तरी काय, असं त्याने विचारलं.

"पुस्तक संपलं नाही," तोरगुन म्हणाली आणि फोन ठेवला.