विमलच्या नावाची चिठ्ठी

हे मी आजवर कोणापाशीच बोललेलो नाही. एकदा बोलायला गेलो होतो. विमल जेवण वाढत होती, मी तोंड उघडलं – आणि म्हणालो, वरणात मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. तिनं तरी आणून दिलं. मी ते वरून घातलं आणि खारट वरण शेवटपर्यंत खाल्लं. त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली.

विमल माझी बायको. आमगावाकडच्या शेतकरी घरातली, दहावी झालेली. मी इथे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये होतो. लग्नानंतर तिला सेक्टर ६च्या क्वार्टरमध्ये आणलं तेव्हा ती सायरन वाजला की दचकायची. तिला राजकारणातलं काही कळत नव्हतं – हे मी लोकांना हसत हसत सांगायचो. अजून सांगतो का? नाही. आता नाही सांगत.

राजकारण माझं होतं. ड्यूटी संपली की पक्षाचं काम. झेंडे लावणं, सभेच्या खुर्च्या मांडणं, मोठे लोक आले की स्टेशनवर उभं राहणं. वर्षानुवर्षं हेच केलं. आमच्या वॉर्डाचा पार्षद, म्हणजे नगरसेवक व्हायचं, एवढीच इच्छा. आणि नेमका वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. वरून निरोप आला, घर से किसी को लड़ा दो. घरात होतं कोण? मुलगी अजून शाळेत. राहिली विमल.

पोस्टरवर माझा फोटो तिच्याएवढाच होता. निवडून ती आली आणि पहिला हार माझ्या गळ्यात पडला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. तिलाही वाटलं नसावं – की वाटलं होतं? मी विचारलं नाही.

पहिलं वर्ष मी पार्षद होतो, असंच म्हणा. लोक मला पार्षद-पती म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. पुढच्या खोलीत मी बसायचो, ती चहा करायची. तिच्या लेटरपॅडवर सही मीच ठोकायचो. ‘विमल’मधल्या ल ला ती एक लांब शेपटी काढायची, ती मी अशी गिरवली होती की पुढे पुढे माझीच सही जास्त खरी वाटायची.

मग बस्तीतल्या पाण्याचं झालं. सेक्टरच्या मागची बस्ती आमच्याच वॉर्डात होती. तिथे पाण्याची पाइपलाइन फुटून नालीचं पाणी आत शिरलं आणि घराघरात कावीळ झाली. माझी तेव्हा सेकंड शिफ्ट. बस्तीतली फुलेश्वरी घरी आली. ती मितानिन होती, म्हणजे घरोघर औषधं देणारी, बायकांना बाळंतपणाला दवाखान्यात नेणारी बाई. ती विमलला सरळ म्हणाली, भैया येईपर्यंत थांबायला वेळ नाही. विमल चप्पल घालून तिच्याबरोबर गेली. चार दिवस दोघी त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या राहिल्या. इंजिनिअर आला, ओरडला, निघून गेला, परत आला. पाचव्या दिवशी नवा पाइप पडला.

त्यानंतर माणसं दारात येऊन विचारायला लागली, “दीदी हैं?” मी म्हणायचो, मला सांगा. माणसं म्हणायची, “नहीं भैया, दीदी से ही काम है.” आणि दारातच थांबायची.

तुम्ही म्हणाल, यात दुखावण्यासारखं काय होतं? मीही स्वतःला तेच विचारायचो. एकदा वॉर्डाच्या सभेत मी नेहमीसारखा तिच्या जागी बोलायला उठलो. ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, “तुमी बसा. मले बोलू द्या.” कोणी हसलं नाही. फुलेश्वरीनं फक्त माइक तिच्याकडे सरकवला. मी बसलो. विमल बोलली – मराठी-हिंदी-छत्तीसगढी सगळं मिसळून – आणि चांगलं बोलली. मी मात्र तिथे बसून एकच धरून ठेवलं होतं, की मला फसवलं गेलंय. माझी जागा माझ्याच घरातून गेली. हे मी तेव्हा खरं मानत होतो. तिला उभं कोणी केलं, हे मला आठवत होतं. ती कशावर उभी होती, हे मी बघितलंच नाही.

फुलेश्वरी आणि विमल पुढे बहिणींसारख्या झाल्या. एकीच्या घरी भाजी झाली की दुसरीकडे डबा जायचा. घरात त्यांचं हसणं ऐकू आलं की मी रेडिओ मोठा करायचो.

पुढच्या निवडणुकीलाही वॉर्ड महिलांसाठीच राहिला. विमलला तिकीट मिळणार, हे सगळे धरून चालले होते. दुपारी रायपूरहून पक्षाचा निरीक्षक घरी आला. विमल एका बाईला बाळंतपणासाठी घेऊन फुलेश्वरीबरोबर दुर्गच्या दवाखान्यात गेली होती. निरीक्षकानं चहा घेतला आणि सहज विचारलं, “भाभीजी का मन तो है ना?”

आता इथून मी हळू लिहितो आहे.

मी म्हणालो, मन नाही. मुलीची दहावी आहे, तब्येतही बरी नसते. तो म्हणाला, तसं असेल तर लिहून मिळालं तर बरं. मी आत गेलो. तिचं लेटरपॅड घेतलं. ‘घरगुती कारणामुळे मी निवडणूक लढवू इच्छित नाही,’ असं हिंदीत लिहिलं आणि खाली तिची सही केली. ल ची शेपटीसुद्धा. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, मग कोण चालेल? मी म्हणालो, फुलेश्वरी.

तिचंच नाव का घेतलं? त्या दोघी एकत्र राहू नयेत, असं मनात होतं का? होतं. आज होतं असंच म्हणतो.

यादी लागली. विमलचं नाव नव्हतं, फुलेश्वरीचं होतं. संध्याकाळी फुलेश्वरी आली, हातात पेढ्यांचा डबा. दार मी उघडलं. तिला पक्षाच्या लोकांनी सांगितलं होतं, की विमलनं स्वतः माघार घेऊन तिला पुढे केलं. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, “दीदी ल बता दुहू भैया, ओकर उपकार मैं जिनगी भर नइ भुलावंव.” हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, असं दीदीला सांगा.

विमल आत स्वयंपाकघरात होती. मी फुलेश्वरीला म्हणालो, ती घरी नाही. डबा घेतला, दार लावलं. विमलनं आतून विचारलं, “कोन होतं?” मी म्हणालो, “फुलेश्वरी. पेढे द्याले आली होती तिकिटाचे.”

विमलनं डबा उघडलाही नाही. बाहेर नेऊन गाईसमोर ठेवला.

आठवडाभरात चिठ्ठीची गोष्ट बाजारातून तिच्या कानावर आली. ती घरी येऊन माझ्यासमोर उभी राहिली. “म्हणतात मीच लिहून देल्लं. माह्या सहीनं.” मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, “तुमी तर नाही ना केली सही?”

मी म्हणालो, “मी कावून करीन?”

तिनं लगेच विश्वास ठेवला. एक क्षणसुद्धा लावला नाही. म्हणाली, “मंग तिनंच बनवली. माहे कागद तिच्याच हातात राहत होते.” आणि खाली बसली. मी तिला पाणी दिलं. पक्षाच्या ऑफिसात जाऊन विचारते म्हणाली, तर मी म्हणालो, भीक मागायला जायचं नाही. ती गेली नाही. माझ्या आधाराबद्दल तिनं त्या दिवसांत शेजारणींजवळ माझं कौतुक केलं. तेही मी ऐकलं.

फुलेश्वरी निवडून आली. दोन-तीनदा वाटेत विमलशी बोलायला थांबली. विमल मान फिरवून निघून गेली. मग तीही थांबेनाशी झाली. तिच्या मनात काय आलं असेल? ज्या बाईचे उपकार मानत होती, तीच तोंड फिरवते – तिला काय कळणार होतं? तिच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती मी विमलला न दाखवता कपाटावर ठेवली. विमल पुन्हा कधी कुठल्या सभेत गेली नाही. शिवणाचं मशीन घेतलं आणि ब्लाउज शिवायला लागली. मलाही पक्षानं पुढे विचारलं नाही. ते सांगायचं कारण नाही, पण खरं आहे.

गेल्या वर्षी फुलेश्वरी आजारी पडली. किडनीचं होतं. तिची मुलगी घरी येऊन सांगून गेली, आई सारखी दीदीचं नाव घेते. विमलनं साडी बदलली. चप्पल घातली. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, आणि बसूनच राहिली. मी समोरच्या पलंगावर होतो. आमच्यामध्ये चार हातांचं अंतर. एक वाक्य पुरलं असतं.

तिनं चप्पल काढली. म्हणाली, “नाही जमत. तिनं मले विकलं, तेच आठवते.”

मी विचारलं, चहा घेशील का?

आठ दिवसांनी फुलेश्वरी गेली. विमल मातीलाही गेली नाही. त्या सकाळी न्हाणीघरात नळ बराच वेळ सुरू होता. बादली भरून पाणी वाहून जात असल्याचा आवाज येत होता. मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. दार वाजवलं नाही.

फुलेश्वरीनं तिला विकलं नव्हतं. ती चिठ्ठी मी लिहिली. विमलला हे मी आजही सांगितलेलं नाही.