राखेत कालवायचं तेल

दुपारचे पावणेदोन वाजलेत. सिस्टर तिरसा आपलं एकुलतं एक ताट घासून पालथं घालते, साबणाने हात स्वच्छ धुते आणि मौनाची घंटा वाजवते. वाजवणारीही तीच आणि ऐकणारीही तीच. एकेकाळी या मठात अकरा सिस्टर होत्या. आता गोदाकाठच्या या तालुक्याच्या गावात, चर्चमागच्या कौलारू घरात, उरलीय एकटी तिरसा, वय वर्षं बासष्ट. एकट्या बाईला गप्प बसायला घंटा कशाला लागते, असं महिला मंडळाची सुवार्ता साळवे विचारते. तिरसा म्हणते, "अगं, मनातली बाई कुठं गप्प बसते?" नेम तो नेम. जेवणानंतर तासभर बोलायचं नाही म्हणजे नाही.

उन्हं तापायला लागलीत, म्हणून ती चर्चच्या वस्त्रकोठडीत येऊन बसते. पाळकांचे झगे आणि वेदीची कापडं ठेवायची ही खोली. भिंती हातभर जाड, भर उन्हाळ्यातही गार. टेबलावर टोपली आहे आणि टोपलीत शिंदीच्या पात्यांचे क्रूस. गेल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेले. वर्षभर कुणाच्या दारावर, कुणाच्या आरशामागे, कुणाच्या रिक्षात लटकून पार वाळलेत. उपासकाळ जवळ आला की लोक ते परत आणून देतात. मग ते जाळायचे आणि राखेच्या बुधवारी त्याच राखेचा क्रूस सगळ्या मंडळीच्या कपाळावर काढायचा. माणसा, तू मातीचा आहेस, एवढी आठवण करून द्यायला. तो बुधवार उद्यावर आलाय.

आणि तिरसाच्या मांडीवर आहे एक पाकीट. वर शहरातल्या मुख्य मठाचा पत्ता, आत चार ओळी. मदर, मला तिकडे बोलावून घ्या, इथलं घर बंद करा, मी आता या मंडळीच्या कामाची राहिले नाही. चार वाजता सुवार्ता उरलेले क्रूस घेऊन येईल. तिच्याच हाती पत्र पोस्टात टाकायला द्यायचं, असं ठरलंय.

आता एवढं काय झालं म्हणाल, तर ऐका. दर साली राख कालवायच्या त्या मोठ्या सिस्टर. सिस्टर युनीके त्यांचं नाव, पण गावाला त्या मोठ्या सिस्टरच. मंगळवारी दुपारी, ऐन मौनाच्या तासात, त्या याच कोठडीत बसायच्या आणि तिरसा शेजारी वाटी धरून उभी राहायची. मौनात बोलायचं नाही, विचारायचं नाही, नजर खाली ठेवायची, अशी मठाची शिस्त. तिरसाने ती एकतीस वर्षं अशी पाळली की तिला मोठ्या सिस्टरच्या चपलांचा प्रत्येक टाका पाठ झाला, पण वाटीत त्या काय ओततात ते काही तिने पाहिलं नाही. ओतल्याचा आवाज यायचा. तिला वाटायचं पाणी, दुसरं काय असणार!

दीड वर्षापूर्वी मोठ्या सिस्टर गेल्या. त्यानंतरच्या राखेच्या बुधवारी तिरसाने पहिल्यांदा राख केली, आणि कालवलं पाणी. राखेत पाणी पडलं की खार सुटतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्या त्याच पाण्याने धुणी धूत. उपासना संपायच्या आत कपाळं चुरचुरायला लागली आणि संध्याकाळपर्यंत ऐंशी माणसांच्या कपाळावर लालभडक क्रूस उठले. पाळकसाहेबांच्यासुद्धा. तेल घालायचं असतं, हे तिला नंतर तेच हळूच म्हणाले. मंडळीतलं कुणी एका शब्दाने बोललं नाही. कुणी भांडलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं हो! बोलले ते फक्त लसूणवाले शद्रख मकासरे, चर्चचे सर्वांत जुने पंच. फाटकाशी थांबून म्हणाले, "सिस्टर, इतकी वर्षं राख लावली. संध्याकाळी तोंड धुतलं की काम संपायचं. यंदा आठ दिवस झाले, पुसलीच जात नाही." हा टोमणा तिरसाच्या जिव्हारी लागला. आज वर्ष झालं, तो तिथंच रुतून बसलाय.

पाळकसाहेब म्हणतात, यंदाही राख तुम्हीच करा. पण दुधाने तोंड पोळलेली ही बाई, ताकाकडेसुद्धा बघायला तयार नाही.

कौलांवर पारवे घुमताहेत. पंखा एका फेरीला कुरकुरतो, एका फेरीला गप्प. तिरसाची मान पुढे येते, दचकून मागे जाते, पुन्हा पुढे येते. मग पंख्याची कुरकुर थांबते आणि किल्ल्या वाजतात.

"तिरसा, ही टोपली दोन दिवस उन्हात ठेवायची नाही का गं? दमट राहिले की नुसता धूर करतात मेले."

मोठ्या सिस्टर कोठडीच्या पायरीवर बसल्यात. तीच फिकट निळी साडी, कमरेला तीन गाठींची दोरी, दोरीला किल्ल्यांचा जुडगा. एकेक क्रूस उचलून त्यावरची धूळ फुंकताहेत. तिरसा घाबरत नाही. तिला फक्त वाटतं, पायरीवर ऊन आलंय, यांना आत बसवायला हवं. तोंड उघडणार तोच तिला आठवतं आणि ती ओठांवर बोट ठेवते.

"मौन?" मोठ्या सिस्टर हसतात. "मेलेल्या बाईला कसलं आलंय मौन! चौऱ्याऐंशी वर्षांत गप्प बसले तेवढं पुरे झालं. बोल तू. मी सांगतेय ना."

"मोठ्या सिस्टर, तुमच्या पाठीमागे मी फार मोठी चूक..."

"ठाऊक आहे. चल, बाजार करून येऊ."

त्या झग्यांचं कपाट उघडतात, आणि कपाटात झगे नाहीत, गुरुवारचा बाजार भरलाय. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, तराजूंची खडखड. तिरसा नेहमीसारखी खाली बघत त्यांच्या मागून चालते. पुढे त्या जुन्या चपला, चपलांवर तेच टाके. लोक बाजूला सरून वाट देतात. लसणाच्या ढिगामागे शद्रखदादा बसलेत. तिरसाला त्यांचे हातच तेवढे दिसतात, लसूण सोलणारे.

"शद्रख," मोठ्या सिस्टर म्हणतात, "काय म्हणाला होतास हिला? पुन्हा म्हण बघू."

"इतकी वर्षं राख लावली सिस्टर. संध्याकाळी तोंड धुतलं की काम संपायचं. यंदा आठ दिवस झाले, पुसलीच जात नाही." शब्द तेच आहेत. पण आवाज ओला आहे. "गिऱ्हाईक विचारायचं, दादा, कपाळाला काय झालं? मग सांगावं लागायचं. भावाशी बोलत नव्हतो सात वर्षं. तोही आला विचारायला. दोघं बसलो, चहा प्यालो."

"तिला वाटलं, तू टोमणा मारलास."

"मी? टोमणा? अरे देवा!" ते हात लसणातच थबकतात. "सिस्टर, माझ्या तोंडाकडे बघितलं असतंत तर कळलं असतं की!"

भावाचं तिला खरंच माहीत होतं. नाताळात दोघं भाऊ एका बाकावर बसले होते, एकच गीतपुस्तक धरून. तिने पाहिलं होतं आणि दोन्ही गोष्टी कधी एकत्र जोडल्या नव्हत्या.

पायाखालचा बाजार ओला होतो, ओल्या फरश्या होतात, मठाचा व्हरांडा होतो. व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या सिस्टरची खोली. लोखंडी खाट, खाटेवर त्या बसलेल्या, पाय खाली सोडून. खाटेशेजारी घमेल्यात क्रूस जळताहेत, पण धूर अजिबात नाही, नुसता शिंदीचा गोडसर वास. वाटी तिरसाच्या हातात आहे. ती कधी घेतली, कोण जाणे.

"मला तुझ्याशी बोलायचंय," मोठ्या सिस्टर म्हणतात. आवाज आता थट्टेचा नाही. "मी तुला शिकवलं नाही. एकतीस वर्षं तू शेजारी उभी होतीस. मंगळवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. नाही सांगितलं."

"शिस्त होती, सिस्टर."

"शिस्त कसली गं! मला आवडायचं. युनीकेशिवाय राख होत नाही, असं लोक म्हणायचे ना, ते आवडायचं. वेदीची कापडं तुला दिली, घंटा दिली, भाकर भाजायला दिली. हे एवढं मात्र मुठीत ठेवलं. कपाळं पोळली ती माझ्या या मुठीने. मला क्षमा कर, तिरसा."

जिने एकोणतीस वर्षांच्या बावरलेल्या पोरीला दारात घेतलं, जी टायफॉइडमध्ये अठरा रात्री उशाशी बसली, जिने प्रार्थना म्हणजे नुसतं म्हणणं नाही हे शिकवलं, ती बाई क्षमा मागतेय.

"तुम्ही दिलेलं मोजायला बसले तर हे कुठंच दिसत नाही, सिस्टर," ती म्हणते. "केली क्षमा. केव्हाच केली."

"मग मान वर कर."

तिरसाला मान वर करता येत नाही. एकतीस वर्षांची सवय, मानेत खिळा ठोकल्यासारखी. तिला चपला दिसतात, टाके दिसतात, वाटीतली काळी मऊ राख दिसते.

"वर कर. नजर खाली ठेव म्हटलं होतं ते गर्व नको म्हणून. माणसं दिसू नयेत म्हणून नव्हे."

ती जोर लावते. आधी दोरीच्या तीन गाठी दिसतात. मग सुरकुतलेला हात, हातात बाटली. लहानशी, हिरव्या काचेची. तिरसा ती ओळखते. आजाऱ्यांना लावायच्या जैतुनाच्या तेलाची बाटली! मोठ्या सिस्टरच्या शेवटच्या सकाळी पाळकसाहेब त्यांच्या कपाळाला तेल लावत होते, तेव्हा हीच बाटली तिरसाने धरली होती, दोन्ही हातांनी.

"ही?"

"हीच. तुझ्याच हातात होती की."

धार वाटीत पडते. तोच आवाज. तिरसा मान आणखी वर करते आणि मोठ्या सिस्टरचा चेहरा बघते, दातांतली फट, डाव्या भुवईवरचा तीळ. एकतीस वर्षांत मौनाच्या तासाला हा चेहरा कसा दिसतो, ते तिला आज कळतं. मोठ्या सिस्टर हसत असतात. राख कालवताना त्या दर वर्षी हसत असणार.

"चुरचुरत नाही बघ," म्हणत त्या अंगठा बुडवून तिच्या कपाळावर क्रूस काढतात. गार, मऊ. मग इकडेतिकडे बघतात, पुसायला फडकं नाही, तर तिरसाच्या मांडीवरच्या पाकिटाला खुशाल अंगठा पुसतात. "याचा काही तरी उपयोग झाला."

"सिस्टर, अहो, ते पत्र!"

"सिस्टर! अहो सिस्टर! चार वाजले, झोपलात काय?"

सुवार्ता दारात उभी आहे, हातात पिशवी, पिशवीतून शिंदीची टोकं बाहेर आलेली. पंखा कुरकुरतोय. तिरसा कपाळाला हात लावते. कपाळ कोरडं आहे, बोटाला काही लागत नाही. तिला जरा वाईटच वाटतं.

मग ती मांडीकडे बघते. पाकिटावर, बरोबर पत्त्याच्या मधोमध, अंगठ्याएवढा तेलाचा डाग पडलाय. तिथला कागद इतका पारदर्शक झालाय की आतली शाईची ओळ दिसते. ती पाकीट नाकाशी नेते. जैतुनाचा वास. हात तर तिने साबणाने धुतले होते. आणि हिरवी बाटली आहे तिथंच, कपाटाच्या वरच्या फळीवर, बुचावर वर्षभराची धूळ.

"हेच का पत्र? द्या, जाताजाता टाकते," सुवार्ता हात पुढे करते.

"नको. काडेपेटी दे."

परसातल्या घमेल्यात दोघी टोपली रिकामी करतात, पिशवी रिकामी करतात. तिरसा पाकिटाची गुंडाळी करून पेटवते. तेलामुळे ते झर्रकन पेट घेतं. ज्योत आधी एका क्रूसाला लागते, मग सगळ्यांना. "थँक यू, सिस्टर," तिरसा मोठ्याने म्हणते. सुवार्ता म्हणते, "अहो, मला कशाला थँक यू?" तिरसा हसते, डोळे पुसते, धुराकडे बोट दाखवते.

राख निवते. चाळून वाटीत येते. तिरसा सुवार्ताच्या हातात वाटी देते आणि हिरव्या बाटलीचं बूच काढते. सुवार्ता कितीही बडबडी असली तरी चर्चमधली बाई आहे; पवित्र काम सुरू झालं की ती गप्प होते आणि नजर खाली घालते. हे तिला कुणी शिकवलं? तिरसाकडेच बघून शिकली असणार.

तिरसा तेलकट बोटाने तिची हनुवटी वर उचलते.

"खाली काय बघतेस? इकडे बघ. नीट बघून ठेव. पाणी नव्हे, तेल."