टाकी नंबर सातमधली लवंग

बाळासाहेबांनी लागोपाठ तिसऱ्यांदा चुकीचा ग्लास उचलला आणि शेऱ्यात लिहिलं, "लवंगेचा वास. तपासावे." त्या एका शेऱ्यावर टाकी नंबर सातचं बॉटलिंग थांबलं.

मी नाशिकजवळच्या एका वायनरीत क्वालिटी कंट्रोल बघते. साखर, आम्ल, अल्कोहोल हे सगळं यंत्रं मोजतात. चव मोजायला मात्र माणूसच लागतो. त्यासाठी आमच्याकडे सहा जणांचं पॅनेल आहे. समोर काळ्या काचेचे तीन ग्लास ठेवतात, म्हणजे रंग दिसू नये. दोन ग्लासांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं आणि कशामुळे ते लिहायचं. घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. मला वाईन पिण्याचा पगार मिळतो असं समजणाऱ्या नातेवाइकांना मी थुंकण्याचं आवर्जून सांगते.

बाळासाहेब आमचे सेलर सुपरवायझर, म्हणजे टाक्या आणि पिंपांची कोठारं सांभाळणारे. दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार घरातले, वय पंचावन्नच्या आसपास. पॅनेलवरचं सगळ्यात भरवशाचं नाक त्यांचं. त्यांच्या शेऱ्यावर टाकी थांबवायची हा आमच्याकडचा अलिखित नियमच होता.

वाईनला लवंगेचा वास येऊ शकतो, पण तो ओक लाकडाच्या पिंपातून. पिंपात काही महिने राहिलेल्या वाईनमध्ये तो उतरतो. टाकी सातमधली पांढरी वाईन स्टीलच्या बाहेर कधी गेलीच नव्हती. म्हणजे पिंपातली वाईन चुकून तिच्यात मिसळली असणार. आम्ही पाईप तपासले, पंप उघडला. लॅबने नमुना दोनदा तपासला. काही निघालं नाही. पॅनेलवरच्या बाकी कुणाला लवंग लागलीही नव्हती.

प्लांट हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"टाकी खराब आहे की माणूस, एवढंच सांगा."

"दोन दिवस द्या सर."

"उद्या संध्याकाळपर्यंत. आणि नाक गेलं असेल तर त्यांना सेलरवरूनही काढावं लागेल. गॅसची गळती झाली तर वास कोण घेणार?"

हे बोलणं बाळासाहेबांसाठी नवीन नव्हतं. आधीचे दोन ग्लास चुकले तेव्हाच साहेबांनी त्यांना तसं सुनावलं होतं.

त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा, सुनंदाताईंचा मला फोन आला. बाळासाहेबांनी घरी सांगितलं होतं की आपल्याला वासच येत नाही. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. नाक ठीक आहे, पण तक्रार आहे तर मेंदूचा एमआरआय करून घ्या, असं ते म्हणाले. सोमवारची वेळ मिळाली होती. पुण्याची मुलगी रजा घेऊन निघाली होती. शेजारच्या बाईंनी ताईंना सांगितलं होतं की डोक्यात गाठ झाली की आधी वास जातो.

"त्यांना धीर द्या ताई," त्या म्हणाल्या. "घरात काहीच बोलत नाय. नुसते बसून राहतात."

मी फोन ठेवला आणि मला एक गोष्ट आठवली. तिन्ही चुका जेवणानंतरच्या सेशनला झाल्या होत्या. सकाळच्या सेशनला ते एकदाही चुकले नव्हते. डोक्यातली गाठ लंच टाइम बघून काम करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तीन ग्लास दिले. वेगळा त्यांनी लगेच काढला. दुपारी तीन वाजता पुन्हा तीन ग्लास दिले. टाक्या धुवायच्या पाण्याचीही आम्ही चव बघतो, तेच आहे म्हणून सांगितलं. तिन्हींत एकाच नळाचं फिल्टरचं पाणी होतं.

त्यांनी तिन्हींना लिहिलं, "लवंग."

"बाळासाहेब, खिशात काय आहे?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी स्टीलची डबी काढली. आत लवंगा. डबीबरोबर आणखी एक वास आला. तो ओळखायला पॅनेलची गरज नव्हती.

"जेवण झालं की एक ओढतो मॅडम. मागच्या गेटाला. हार्वेस्टमध्ये डबल शिफ्ट लागल्या, तेव्हा परत सुरू झालं."

सिगारेटचा वास मारायला ते गालात लवंग धरायचे. लवंगेने जीभ बधिर होते, म्हणून तर आपण दुखऱ्या दाढेत ती ठेवतो. पॅनेलच्या आधी तासभर चहा, पान, तंबाखू, अत्तर बंद असा आमचा नियम आहे. त्यात लवंग नव्हती. लवंग म्हणजे तोंड स्वच्छ, अशी आपल्याकडे सगळ्यांचीच समजूत, माझीही.

"वास येत नाही असं घरी का सांगितलं?"

"पॅनेलवरून काढणार म्हटल्यावर कायतरी कारण सांगायला पाहिजे ना. एक बोललो. मग डॉक्टर आला. मग डॉक्टरनं मशीन सांगितलं. मधी कुठं थांबायचं तेच कळंना."

"खरं सांगायचं होतं."

"मी सोडली तेव्हा हिनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते मॅडम."

मग ते म्हणाले की तुम्हीच तिला फोनवर सांगा. मी म्हटलं, टाकीचं मी सांगेन, घरचं तुम्ही. साहेबांना मी इतकंच कळवलं की टाकी चांगली आहे आणि लवंग खिशातली होती. ते हसले नाहीत. बॉटलिंगला मात्र लगेच सही केली.

बाळासाहेबांनी विनंती केली म्हणून मी शनिवारी त्यांच्या म्हसरूळच्या घरी गेले. मुलगी आली होती. तिची बॅग अजून हॉलमध्येच होती. बाळासाहेब आधी टाकी सातबद्दल बोलले. मग पंपाबद्दल. पाणी प्यायले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"माझं नाक चांगलं हाय," ते शेवटी म्हणाले. "मी परत सिगारेट ओढतोय. त्या वासावर लवंग खातो, म्हणून कामात चुकलो. तेवढंच हाय."

सुनंदाताईंनी मला विचारलं, "म्हणजे डोक्यात काय नाय?"

"त्या तक्रारीचं कारण डोक्यात नाही. तरी डॉक्टरांना खरं सांगा आणि पुढचं त्यांनाच विचारा."

त्या खाली बसल्या. पदराने डोळे पुसले, मग नवऱ्याकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, मी शिवाजीनगरपासून इथपर्यंत रडत आले. बसमधल्या बाईनं मला तिचं पाणी दिलं." मला वाटलं होतं आवाज चढतील. तसं काही झालं नाही.

"मी गडावरच्या देवीला बोलले होते," सुनंदाताई म्हणाल्या. "रिपोर्ट चांगला आला तर सगळ्या पायऱ्या अनवाणी चढीन. रिपोर्ट आत्ताच आला. आता तुम्ही चढा."

"नवस तू बोललीस ना?"

"बिड्या कोणी ओढल्या?"

"सिगारेट."

"तेच ते."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, एमआरआय रद्द केला आणि सिगारेटवर बरंच सुनावलं. पुढच्या आठवड्यात तिघं सप्तशृंगीच्या गडावर गेली. अर्ध्यावर बाबांनी वर जाणाऱ्या ट्रॉलीकडे बघितलं आणि आईने बाबांकडे बघितलं, असं मुलीने मला फोनवर सांगितलं. वर पोहोचायला त्यांना इतका वेळ लागला की मागून आलेल्या आजीबाई दर्शन घेऊन उतरत होत्या. किती धाप लागते ते घरच्यांनी डोळ्यांनी बघितलं. ते लपवायला लवंग उपयोगाची नव्हती.

पॅनेलवरून त्यांना मी तीन महिने बाजूला ठेवलं, मग पुन्हा परीक्षा घेतली. ते पास झाले. नियमांच्या यादीत मी लवंग, वेलची, बडीशेप वाढवली. वास येईनासा झाला तर डॉक्टरकडे जावं. नसलेला वास येऊ लागला तर आधी खिसे बघावेत, एवढं मी यातून शिकले.

सिगारेट सुटली का, हे मी त्यांना विचारत नाही. मुद्दाम जेवणानंतरच्याच सेशनला बसवते.