एकशे सत्तरची मर्यादा

कारखान्यात त्याला सगळे ‘भोंगा’ म्हणत. माणूस दिवसाला चार वाक्यं बोलायचा, पण पॅनेलवरच्या मीटरांचे अलार्म लावायचं काम त्याचं, म्हणून हे नाव. भोंगा फार वाजायला लागला की सुपरवायझर वैतागून ओरडायचा, “अरे, गप्प कर त्याला!” मग हा मीटरमधली मर्यादा थोडी सरकवायचा. मोटारी दणकट, सोसून घ्यायच्या. असं करण्यात वीस वर्षं गेली.

आईची फुप्फुसं थकली तेव्हा घरात ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन आलं. एकशे नव्वदच्या खाली व्होल्टेज गेलं की ते नुसतं घुमायचं, हवा द्यायचं नाही. मशीनचा स्वतःचा बझर कधीच मेलेला. म्हणून त्याने भिंतीवर मीटर बसवला, एकशे पंच्याण्णववर अलार्म लावला आणि बायकोला शिकवलं, “वाजला की नळी काढून सिलिंडरला जोडायची. बस.”

शेजारी वेल्डिंगचं दुकान होतं. तिकडे ठिणगी उडाली की इकडे व्होल्टेज पडून भोंगा. बायको पिठाच्या हातांनी धावायची. पोहोचेपर्यंत व्होल्टेज जाग्यावर.

“माझ्याआधी हाच बोंबलून मरणार,” सासूबाई म्हणायच्या. हसल्या की त्यांना धाप लागायची. पुढे पुढे त्या आवाजाने दचकून रडायलाच लागल्या.

“अहो, जरा आवाज कमी करा ना त्याचा,” बायको म्हणाली. “बंद नको, बारीक करा. माझं डोकं उठलंय, आणि त्या बघा कशा थरथरतात.”

मीटरला आवाज कमी करायची सोयच नव्हती. कामावर जायची घाई होती. त्याने सवयीने बटणं दाबली आणि मर्यादा एकशे सत्तरवर आणली. “आता नाही त्रास व्हायचा,” एवढंच बोलला.

घर शांत झालं. बायकोने कितीतरी दिवसांनी सासूबाईंची वेणी निवांत घातली.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी व्होल्टेज एकशे अठ्ठ्याहत्तरवर उतरलं आणि तिथेच राहिलं. मशीन घुमत होतं. बायको गच्चीवर कपडे वाळत घालून आली, ताटलीत फळ कापून घेऊन गेली, तर सासूबाईंचे ओठ निळे. सिलिंडर हाताशी होता, भरलेला.

नणंद आली. रडून झाल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. “दादा, एवढा मीटर लावलास आणि वाजला कसा नाही रे?”



“वन्सं, त्यांना काही बोलू नका,” बायको डोळे पुसत म्हणाली. “मीच म्हटलं होतं आवाज बारीक करा. वाजला असेल हो, मला वरती ऐकूच आलं नसेल.”

“वहिनी, तुला आवाज नको होता! मिळाली ना आता शांतता?”

आलेल्या बायकांनी माना वळवल्या. त्याने तोंड उघडलं. मर्यादा, एकशे सत्तर, मी: चारच शब्द होते. ते गिळून तो उठला आणि म्हणाला, “काढून टाकतो हा मीटर.”

तो चढला ते स्टूल डुगडुगत होतं. बायको पदर खोचून पुढे झाली आणि दोन्ही हातांनी तिने ते घट्ट धरलं.

“सांभाळून हो,” ती म्हणाली.