हिरवा रणगाडा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकदा करमणूक म्हणूनच वाचत आले. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कोणी ‘आपोआप झालं’ म्हणालं की ‘त्याआधी तू काय दाबलं होतंस?’ हा माझा पहिला प्रश्न असतो. भुताखेतांवर विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. माझ्या अनुभवात भूत नाहीच... पण जे आहे त्याला काय म्हणायचं हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही, म्हणून शेवटी इथे लिहितेय.

आधी जागा सांगते. स्वारगेटच्या मागे, मुकुंदनगरच्या बाजूला आमची जुनी तीन मजली सोसायटी. लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर आई आणि मी. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, दादा बंगळुरूला. मी रोज सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस पकडून हिंजवडीला जायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये उरलेलं आयुष्य घालवून परत यायची.

मला एक खूळ आहे. जुने टीव्ही गेम जमवायचे आणि दुरुस्त करायचे. नव्वदच्या दशकात घरोघरी आले होते ते – टीव्हीला जोडायचा डबा, वर कॅसेट खोचायची, चालली नाही की फुंकर मारायची. लोकांनी ते माळ्यावर टाकले, मग भंगारात दिले, आणि मी रविवारी जुन्या बाजारात जाऊन विकत आणले. आत सोल्डरिंग करायचं, बटणांखालची रबरं बदलायची, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइड क्रीम फासून गच्चीत उन्हात ठेवायचं. ते क्रीम पार्लरच्या सामानाच्या दुकानात मिळतं. दुकानदारानं एकदा माझ्या केसांकडे बघून ‘कुठला शेड हवाय?’ विचारलं, तेव्हा मी ‘पांढरा’ म्हटलं. त्यानंतर त्यानं कधी काही विचारलं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईला पॅरालिसिसचा झटका आला. सौम्य होता, बोलणं-चालणं सावरलं, पण डाव्या हातात जोर राहिला नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि बजावलं, पुढचे काही महिने महत्त्वाचे, हात वापरला तरच परत येईल. आईनं चेंडू दोन दिवस दाबला आणि फळीवर ठेवून दिला. म्हणाली, ‘चेंडू दाबत बसायला मी काय तान्हं बाळ आहे?’

दादानं फोनवर ठरवूनच टाकलं. दिवाळीत येणार आणि आईला घेऊन जाणार. त्याचंही चूक नव्हतं. मी दिवसभर बाहेर, आई एकटी, एका हातानं गॅसवरचं पातेलं उतरवणार कशी? पण आईला जायचं नव्हतं. ‘तिथे तेराव्या मजल्यावर मी कोणाशी बोलू? लिफ्टशी?’ एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. आई गप्प झाली की मला भीती वाटते. तेव्हाही फार वाटली.

एका शनिवारी दुपारी मी हॉलमधल्या जुन्या टीव्हीवर नुकताच दुरुस्त केलेला एक गेम तपासत होते. रणगाड्यांचा होता. खाली मध्यभागी विटांच्या भिंतीआड आपलं ठाणं, वरून शत्रूचे रणगाडे येतात, ते ठाण्यापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. पहिल्या खेळाडूचा रणगाडा पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. माझा पिवळा सारखा मरत होता. आई सोफ्यावरून म्हणाली, ‘दे इकडे. तुझ्याच्यानं होत नाहीये.’

रिमोट तिच्या हातात गेला आणि मी श्वास रोखून बसले. कारण दिशेची बटणं डाव्या अंगठ्याखाली असतात. वर, खाली, उजवीकडे कसंबसं जमत होतं. डावीकडे अंगठा रेटला की तो अर्ध्यात थांबायचा. पण ती खेळत राहिली. दुसऱ्या दिवशी चार वाजता चहा झाल्यावर तिनं स्वतःच टीव्ही लावला, आणि मग ते रोजचंच झालं.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. मेन्यूच्या बटणाचं रबर गेलेलं होतं, त्यामुळे गेम नेहमी दोन खेळाडूंचाच सुरू व्हायचा. पण दुसरा रिमोट नव्हताच. त्याची वायर उंदरानं कुरतडली होती आणि तो माझ्या टेबलावर उघडा पडला होता. डब्यावरचं त्याचं सॉकेट रिकामं. म्हणजे हिरव्या रणगाड्यानं उजव्या कोपऱ्यात पार्क केलेल्या गाडीसारखं उभं राहायचं, दुसरं काही करायचं नाही.

काही आठवड्यांनी आई जेवताना म्हणाली, ‘त्या दुसऱ्याचं सेटिंग छान केलंयस हं.’

मी विचारलं, कुठलं सेटिंग?

‘तो हिरवा गं. माझी डावी बाजू सांभाळतो.’

मी हसले. औषधांनी भास होतात का, हे मनातल्या मनात डॉक्टरांना विचारून झालं. शनिवारी शेजारी बसून बघितलं. खेळ सुरू झाला, पिवळा वर सरकला... आणि हिरवा कोपऱ्यातून निघाला. ठाण्यावरून वळसा घालून डावीकडे गेला आणि थांबला. डावीकडून दोन शत्रू उतरले, त्यानं दोन्ही उडवले. मग आईच्या पिवळ्यासाठी वाट मोकळी करून बाजूला उभा राहिला. हे सगळं रिकाम्या सॉकेटवर.

मला भीती वाटली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं – बग. आणि बग म्हटलं की मला चेव चढतो. रिकाम्या सॉकेटमध्ये इकडचा तिकडचा करंट शिरून खोटी बटणं दाबली जाऊ शकतात. पण त्यानं रणगाडा दारुड्यासारखा भरकटेल, कोणाची डावी बाजू कशाला सांभाळेल? तरी सॉकेटला रेझिस्टर लावून बंदोबस्त केला. फरक शून्य. माझ्या कपाटातला दुसरा डबा लावला, तेच. मग अँटेनाची वायर काढून लाल-पिवळ्या पिनांच्या साध्या एव्ही वायरनं डबा थेट टीव्हीला जोडला, आणि हिरवा कोपऱ्यात ठप्प. परत अँटेनाची वायर... हिरवा निघाला. मला इतका आनंद झाला की आईनं विचारलं, बढती मिळाली का.

तर गडबड अँटेनात होती. आमच्या टीव्हीमागे भिंतीतून एक जुनी वायर येते. दूरदर्शनच्या काळात सोसायटीचा एकच सामायिक अँटेना होता, त्याची ही वायर सगळ्या घरांत फिरलेली. तेव्हाच्या मुलांना आठवत असेल, ही वायर न काढता टीव्ही गेम लावला की आपला गेम शेजाऱ्यांच्या टीव्हीवर उमटायचा आणि रविवारच्या मालिकेची वाट लावल्याबद्दल बोलणी बसायची. मी तीच चूक केली होती, वायर काढलीच नव्हती. म्हणजे आईचा गेम सोसायटीभर जात होता. पण जात होता, येत काही नव्हतं. टाकीतलं पाणी नळाला येतं, नळातलं टाकीत चढत नाही.

तरी मी घरोघर फिरले. बहुतेकांनी रंगकाम करताना ती वायर छाटून टाकलेली. शिल्लक होती फक्त आमच्या बरोबर वर, अत्तार सरांकडे.

अत्तार सर म्हणजे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. कसबा पेठेतलं घर लहान पडायला लागलं म्हणून खूप वर्षांपूर्वी इथे राहायला आले. मुली लग्न होऊन गेल्या, त्यांच्या पत्नी, आमच्या चाची, दोन वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून सर जिन्यात भेटले की हसायचे, पण दार फारसं उघडं दिसायचं नाही. मी चारच्या सुमारास गेले. टीव्ही चालू होता आणि त्यावर, जरा मुंग्या आलेले, आमचे रणगाडे होते.

सर ओशाळले. सांगायला लागले की ही गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं, म्हणून ते जुना टीव्ही नुसताच लावून ठेवायचे. त्याची खरखर असली की घरात कोणी असल्यासारखं वाटायचं. एक दिवस त्या खरखरीतून हा खेळ आला. तेव्हापासून रोज चारला ते खुर्ची ओढून बसतात.

‘कोणी लहान मूल खेळत असावं, मुग्धा बेटा,’ ते म्हणाले. ‘जिद्दी आहे. पण डावीकडे वळायला फार अडखळतं. मग माझा जीव वरखाली होतो. मी आपला मनात म्हणतो – डावीकडचं राहू दे, ते मी बघतो.’

मी आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. सरांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर स्वस्थ होते. घरात गेमचा डबा नाही, रिमोट नाही. मी पाणी मागितलं नाही, बसलेही नाही. टेस्टर जे करेल ते केलं – बोलता बोलता सरकत टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. सरांना काही दिसेना. पाठोपाठ मोबाइल वाजला. आई. ‘अगं, तो हिरवा मठ्ठासारखा उभा राहिलाय. मी मरतेय इथे.’ मी बाजूला झाले. फोनवर आईचा आवाज आला, ‘हं, निघाला.’

सरांना मी काही बोलले नाही. आईला मात्र खाली येऊन सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती म्हणाली, ‘तरीच. शिकवणाऱ्या माणसाचा हात वाटत होता.’

आणि नेमकं त्याच आठवड्यात सोसायटीनं इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरवलं. लोंबणाऱ्या बंद वायरी काढून टाकणार होते. मी चेअरमनना म्हटलं, ती एक वायर राहू द्या. त्यांनी विचारलं, ‘काय चालतं त्या वायरवर?’ आता काय सांगणार? वायर गेली. दुसऱ्या दिवशी हिरवा कोपऱ्यात उभा, आणि आईचा पिवळा डावीकडून येणाऱ्यांपुढे टिकेना. तिनं दहा मिनिटांत रिमोट खाली ठेवला. त्यानंतरच्या दिवशी लावलाच नाही. दिवाळी तोंडावर आली होती. मला रडू येत होतं, आणि मी आपली एका टीव्हीवरून दुसऱ्या टीव्हीवर सिग्नल कसा पाठवता येईल याची चित्रं काढत बसले होते.

आईनं ती चित्रं बघितली. ‘एवढं कशाला? त्यांनाच खाली बोलाव की. चहा तरी घेतील.’

सर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. खेळणारं लहान मूल म्हणजे आई, हे कळल्यावर कितीतरी वेळ माफी मागत होते. मी दुसरा रिमोट रात्रीत दुरुस्त केला होता, तो त्यांच्या हातात दिला. मंडळी, सर इतकं वाईट खेळले... हिरवा भिंतीत घुसला आणि तिथेच फिरत राहिला. आपल्याच ठाण्यावर त्यांनी गोळी झाडली. शेवटी ‘वहिनी, हे माझ्यानं व्हायचं नाही’ म्हणत त्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

हिरवा भिंतीतून मागे आला, वळला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

मी वाकून रिमोटची वायर डब्यातून उपटली. हिरवा हलतच होता. सरांनी कप खाली ठेवला. ‘वहिनी... हे कोण?’

‘तुम्हीच,’ आई म्हणाली. ‘पुढे बघा, वरून आलेत.’

सर मग रोज चारला यायला लागले. आपण काय करतो ते त्यांना कळत नाही आणि त्यांनी ते कळून घ्यायचं सोडलं. ते फक्त बघतात. जसजसा आईचा अंगठा सुधारत गेला तसा हिरवा डावीकडून थोडा थोडा मागे यायला लागला.

दिवाळीत दादा आला, परतीची दोन तिकिटं काढूनच. भाऊबीजेला संध्याकाळी फराळ करत तो यांचा खेळ बघत बसला होता. बघता बघता म्हणाला, ‘आई, हिरवा कोण खेळतंय?’

‘सर,’ आई म्हणाली.

दादानं सरांकडे बघितलं. सरांच्या एका हातात बशी होती, दुसऱ्यात कप. त्यानं टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चकली खात राहिले. तेवढ्यात डावीकडून तीन शत्रू एकदम उतरले आणि हिरवा जागचा हलला नाही. उजवीकडे आपल्या जागी शांत उभा. आईचा अंगठा डावीकडे गेला, पूर्ण दाबला गेला, आणि पिवळ्यानं एकामागून एक तिन्ही उडवले.

‘डावीकडचं आता त्या बघतात,’ सर दादाला म्हणाले.

खेळ संपल्यावर आईनं चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उतरवून आणलं आणि दादासमोर ठेवलं. दादानं चहा संपवला. मग गॅलरीत जाऊन त्यानं फोनवर एक तिकीट रद्द केलं. मी तिथेच, सगळ्यांसमोर, रडले.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. वायरचा सिद्धांत वायरबरोबर गेला. इथे कोणी इंजिनिअर असतील तर त्यांनी जरूर लिहावं, फक्त ‘लूज कनेक्शन’ लिहू नये, ते बघून झालंय. मीही अजून दर थोड्या दिवसांनी आईला गळ घालते – एकदाच, फक्त एकदा सरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून बघू, डबा उघडून मीटर लावू. ती पडद्यावरची नजर काढत नाही.

‘चाललंय ना?’ म्हणते. ‘मग उघडू नकोस.’