पाठीखालचं कातडं

नवऱ्याला लकवा झाला आणि उजवं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली. पडून पडून पाठ लाल झाली, कमरेवर फोड उठला. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चिघळला तर हाडापर्यंत जाईल. मुलानं बारामतीहून हवेची गादी आणली. मांजरानं तिच्यावर नखं मारली आणि गादी बसली.

माझ्या आईनं आजोबांच्या पाठीखाली बोकडाचं केसाळ कातडं घातलेलं मी पाहिलं होतं. माघात आमच्याकडं नवसाचं बोकड कापलं, त्याचं कातडं मी ठेवून घेतलं. आतून खरवडलं, मीठ-तुरटीच्या पाण्यात मुरवलं. चांगलं मुरलं. पत्र्यावर वाळत घातलं. अर्धवट ओलं असतानाच ते ताणायचं असतं, नाहीतर ताठ होतं. पण त्याच दिवशी शेजारच्या रानात ऊसतोडीची टोळी आली आणि मी म्हशीसाठी वाढं, उसाचे हिरवे शेंडे, आणायला गेले. फुकटचं वाढं सोडून कातडं कोण राखत बसतं? संध्याकाळी येऊन बघते तर कातड्याचा पत्रा झालेला. टिचकी मारली की वाजत होतं.

धाकटी जाऊ कुंपणापलीकडून म्हणाली, "आक्का, हलगी केली का? वाजवा की भावजींच्या म्होरं."

"तुज्या दारात वाजवते. तू नाच."

नवरा बाजेवरून ओरडला, "एक काम धड येत न्हाय हिला. ह्याच्यावर झोपलो तर पाठ फाटंल माजी."

"फाटंल की," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

जन्म बैलांमागं गेलेला, त्यामुळं चामडं त्याला कळत होतं. म्हणाला, "पाण्यात बुडवू नगं, तुरटी निघून जाईल. आतल्या अंगाला कोमट पाणी शिपड, वल्या पोत्यात गुंडाळून ठेव." तसं ठेवलं. सकाळी कातडं वळायला लागलं होतं. जुन्या फावड्याचं बोथट पातं खांबाला बांधलं, कातड्याला आतून करडईचं तेल चोळलं आणि पात्यावरून मागंपुढं ओढायला बसले. समोरच त्याची बाज.

"त्याल आजून लाव."

"मला शिकवू नका. येतंय मला."

"कुटं शिकलीस?"

हा माणूस विसरला होता.

"तुमच्या आसुडाला दर पोळ्याला त्याल कोन लावत हुतं?"

आसूड बैलांचा होता. बैलांवर कमी चालला, माझ्यावर जास्त. त्याची चामड्याची वादी कडक असली की अंगाची सालटी निघायची. मऊ असली की नुसता वळ उठायचा. म्हणून मी पोळ्याची वाट बघत नसे. मधेच, तो घरात नसताना तेल चोळून ठेवायची.

मी हात थांबवले आणि चुलीवर चहा ठेवला. ओढणं थांबलं की कातडं वाळतं, आणि वाळलं की पुन्हा ताठ. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

"आगं, वाळतंय त्ये."

"व्हय, वाळतंय."

चहा मी निवांत फुंकून प्यायले. ऊन कातड्यावर आलं.

"वड की गं. पाया पडतो तुज्या."

"उटा आन् पडा."

त्याचं तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून पाणी आलं. मी कप धुऊन ठेवला, मग पुन्हा ओढायला बसले. त्याची दया आली म्हणून नाही. इतकी मेहनत घेतलेलं कातडं वाया घालवणं माझ्या रक्तात नाही. दुपार कलेपर्यंत ते पांढरं पडलं, जुन्या लुगड्याच्या धडप्यासारखं मऊ झालं. केस वर करून त्याच्या पाठीखाली सरकवलं. फोड सुकायला लागला.

पण घाम मुरला की कातडं पुन्हा ताठरतं. परवापासून तो म्हणतोय, "कोपरा टोचतोय. त्याल लाव."

मी हात घालून बघितलं. खरंच टोचत होता.

"पोळ्याला लावते," मी म्हणाले.

पोळा अजून लांब आहे.