तक्रार पेटीचं तोंड

दिवाळीच्या सुट्टीत नात डोळखांबला आमच्या पाड्यावर आली ती वाळून. ती आश्रमशाळेत राहून सातवीत शिकते. तिसऱ्या दिवशी भाकरी खाताना म्हणाली, "आजी, तिकडं भातात किडे असतात. बाई म्हणतात, घरी कोण बोललं तर दाखला हातात देईन."

बाई म्हणजे मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका.

"बघते तिला."

"नको गो आजी! माझंच नाव येईल. शाळा सुटेल माझी."

आमच्या पाड्यातली एकही पोर अजून दहावीला पोचलेली नाही. ही पोचावी, एवढंच मला हवं होतं.

शाळेच्या समितीवर मी आहे. समितीत बाई हवी होती आणि बाकीच्या भात कापायला गेल्या होत्या, म्हणून माझं नाव घातलं. ठरवलं, तक्रार पेटीत बिननावाची चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी मीच लिहिली. चौथी पास आहे.

सुट्टी संपल्यावर समितीची बैठक होती. त्या दिवशी लवकर गेले आणि मुलींच्या पंगतीत बसून जेवले. भातात सोंडे होते. मूठभर भात डब्यात घेतला.

बैठकीला शहापूरहून आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे साहेब आले होते. मुख्याध्यापकांनी ऐटीत वाचलं, "तक्रार पेटीत वर्षभरात एकही तक्रार नाही."

पेटी टांगली होती त्यांच्याच खुर्चीमागे. तिथे जाऊन कुठली पोर चिठ्ठी टाकणार? लपून टाकायची माझीही सोय नव्हती. सगळ्यांदेखत उठले आणि चिठ्ठी टाकायला गेले. जाईना. बोट फिरवलं तर फट रंगानं बुजलेली. भिंतीला रंग देताना पेटीवरही हात मारला होता.

एक पालक हसत म्हणाला, "आता कशी येल तक्रार? पेटीचं तोंडच शिवलंय!"

साहेबांनी चावी मागितली. मुख्याध्यापकांनी सगळे खण उपसले. चावी नाही.

मी डबा उघडून साहेबांपुढे ठेवला. "हे आजचं जेवण."

अधीक्षिका ताडकन उठली. "कोणत्या मुलीनं सांगितलं? नाव सांगा."

"मी सांगते आहे. माझ्या ताटातला भात आहे. माझं नाव लिहा आणि द्या माझा दाखला हातात. चौथीतच घेतलाय मी तो."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नियम सांगितला. पेटी मुलींना कुणाच्या नजरेत न येता जाता येईल अशा जागी हवी. ती पोलीस पाटील आणि पालकांसमोर उघडायची. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर फोडायचं नाही.

"आणि दाखल्याची धमकी दिली तर?"

"मग धमकी देणाऱ्याची चौकशी होईल, आजी. मुलीला कोणी हात लावणार नाही."

"तोंडी नको. लिहा."

त्यांनी इतिवृत्तात लिहिलं. मी वाचून घेतलं आणि मगच सही केली. अधीक्षिकेलाही सही करावी लागली. पेन जोरात आपटलं तिनं. मला बरं वाटलं.

पेटी आता मुलींच्या नळाकडच्या भिंतीवर आहे. चावी पोलीस पाटलाकडे. धान्य बदललं, अधीक्षिकाही बदलली. नात शाळेतच आहे.

पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा चिठ्ठ्या टेबलावर मावेनात. अंघोळीचं पाणी गार, दाराची कडी मोडकी, डाळीत डाळ नाही. मी एकेक मोठ्यानं वाचत होते. एक निघाली ती अशी: "समितीतल्या आजी येतात तेव्हा सगळ्यांसमोर आमच्या डोक्यातल्या उवा बघतात. त्यांना सांगावे."

पोलीस पाटील पोट धरून हसला. "आजी, कुणाचं गो अक्षर हे?"

अक्षर मी लगेच ओळखलं. माझ्याच घरात गिरवलेलं.

"नाव फोडायचं नाय," मी म्हटलं. "तक्रार बरोबर आहे. लिहा, आजींना समज दिली."